कप्तानाच्या कुशीत

पश्चिम मांबलम, चेन्नई
६ जानेवारी

सेतू,

वर ‘प्रिय’ लिहावं की नाही ह्या विचारात चहा निवला, म्हणून नुसतं नाव लिहिलं. नावाला तरी तुझी हरकत नसावी.

पाकीट पाहून दचकू नकोस. वकिलाचं नाही, माझंच आहे. फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू ‘हं’ म्हणतोस, मी ‘बरं’ म्हणते, मग दोघं मिळून तुझ्या आईच्या रक्तदाबाची विचारपूस करतो आणि सुटलो एकदाचे म्हणून फोन ठेवतो. नवराबायको दोन दोन वर्षं असं बोलत असतील तर त्यापेक्षा टपालखातं बरं. कागद निदान मधेच ‘हं’ म्हणत नाही.

तर पत्राचं कारण अम्मांचा डोळा. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, सगळं सुखरूप झालं. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे आणि नेमका मार्गळी महिना चालू आहे. मार्गळीत दारासमोर कोलम नसलं तर तुझ्या आईला घरात कोणी आजारी असल्यासारखं वाटतं. त्यामुळे रोज सकाळी रांगोळीच्या पिठाची वाटी घेऊन मी खाली बसते आणि त्या काळा चष्मा लावून उंबऱ्यापाशी खुर्चीवर बसून तुमच्या तंजावरी मराठीत हुकूम सोडतात. “वळसा चुकला गे. ठिपक्याला शिवूं नको, ठिपक्याभोंवतीं जा.” काल समोरच्या रंजनी मामींनी माझं कोलम बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, “मॉडर्न आर्टा?”

तू चाकणच्या कारखान्यात, माझ्या माहेरच्या माणसांत. मी इथे, तुझ्या आईजवळ. लोकांना हे समजावून सांगणं मी सोडून दिलं आहे. रंजनी मामी अधूनमधून विचारतात, पण त्यांना अम्माच परस्पर उत्तर देतात, “सून मजपाशीं आहे, तें पुरे.”

आता कामाचं. एन्नोरच्या रस्त्याला, बंदराच्या पुढे एक जुनं चर्च आहे, पोर्तुगिजांच्या वेळचं. समुद्राची खार आणि वीजकेंद्राची राख दोन्ही त्याच्या भिंतींवर बसते. आतली फरशी ओल धरून खचली, ती काढून नवी बसवायची होती, आणि फरशीखाली जुन्या कबरी असल्यामुळे शेषाद्री सरांना बोलावलं. शेषाद्री सर म्हणजे तेच, आपल्या लग्नात पानावर भाताचं धरण बांधून रसम अडवणारे. उत्खनन त्यांचं, हाडं वाचायचं काम माझं.

वेदीच्या डाव्या हाताला एक मोठी शिळा होती. तिच्यावरचं नाव झिजून गेलंय, फक्त ‘कप्तान’ एवढा शब्द आणि एक गलबत उरलंय. शिळा उचलली तर खालची कबर विस्कटलेली. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी निवृत्त बँक मॅनेजर आहेत. त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला की चोरांनी फोडली असणार, पोर्तुगीज सोन्यासाठी. शेषाद्री सरांनीही ‘विस्कटलेली कबर’ असंच लिहून घेतलं. आमच्या धंद्यातला तो नेहमीचा शब्द आहे.

मला मात्र हे चोरांचं काम वाटत नाही. चोर घाईत असतो. इथे कप्तानाची हाडं एका अंगाला सरकवली आहेत ती अगदी हलक्या हाताने, बसमध्ये कोणी थोडं सरकून शेजारच्याला जागा द्यावी तशी. त्या जागेत काहीतरी आहे. लहान आहे. त्याबद्दल आज लिहीत नाही.

स्वेटर घालत जा. पुण्याकडची थंडी तुम्हा मद्रासवाल्यांना झेपत नाही.

रुचिरा

•

१९ जानेवारी

सेतू,

तुझा मेसेज आला. ‘पत्र मिळालं. अम्माला डोळा सांभाळ म्हण.’ माझ्या चार पानांना तुझी एक ओळ. तरी ती अम्मांना वाचून दाखवली, आणि त्यांनी ती परत वाचायला लावली.

ती लहान गोष्ट म्हणजे बाळ आहे. तू ओळखलं असशील.

कप्तानाच्या दंडाचं हाड कोणीतरी बरगड्यांपासून जरा लांब केलंय, आणि त्या कुशीत बाळाला ठेवलंय. मांडीचं हाड माझ्या मधल्या बोटाएवढं. जबड्याच्या आत, अजून बाहेर न आलेल्या दातांच्या नुसत्या टोप्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्यांच्यावरून मला वय सांगता येतं. नुकतं जन्मलेलं, फार तर थोडे दिवस जगलेलं. मुलगा की मुलगी ते एवढ्या लहानपणी हाडं सांगत नाहीत.

मनगटापाशी काळे काचेचे मणी सापडले. मनगटीचे. पोर्तुगीज बाळाच्या हातात मनगटी कोण घालणार? बाळ इथलंच आहे, ह्याच किनाऱ्यावरचं. आणि ते ठेवलं तेव्हा कप्तानाची नुसती हाडं उरली होती, म्हणजे तो गेल्यावर पुष्कळ काळ लोटला होता. तिथले फादर अरुळ म्हणाले, बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलेल्या लेकराला त्या काळी चर्चच्या मातीत जागा देत नसत. मग कोणीतरी शिळा सरकवली आणि एका परक्या थोर माणसाच्या कबरीत आपल्या बाळापुरती जागा केली. शिळेच्या कडेचा चुनासुद्धा दोन हातांचा आहे. जुना गवंड्याच्या थापीचा, गुळगुळीत. नंतरचा ओबडधोबड, बोटांनी दाबून बसवलेला. बोटांचे ठसे अजून दिसतात.

पहिल्या दिवशीच शेषाद्री सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “रुचिरा, बेंगळूरूहून दुसऱ्या कोणाला तरी बोलावतो. हे तू करू नकोस.” मी नको म्हटलं. का, ते मला धड सांगता येणार नाही. दुसऱ्या कोणी त्या बाळाची माती झटकली असती तर मला सहन झालं नसतं, एवढंच.

मागच्या पत्रात मी डोळ्याचं निमित्त केलं होतं. ज्याच्यासाठी कागद घेऊन बसले होते ते आज लिहिते.

सेतू, आपली मुलगी कुठे आहे?

दात न आलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात, एवढं मला माहीत होतं. बाकी काही माहीत नाही. मी हॉस्पिटलच्या खाटेवर होते, आणि तसंही बायकांना नेत नाहीत. तू आणि सत्यनारायणमामा तिला घेऊन गेलात. संध्याकाळी तू एकटाच परत आलास. दारात उभा राहिलास, पावलांना वाळू होती, आणि म्हणालास, “टाकून आलो.”

मी भिंतीकडे तोंड केलं. मुलगी बारशापर्यंतही थांबली नाही, आणि तिचा बाप म्हणतो टाकून आलो. कचरा टाकतात, सेतू. मांजरीची पिल्लं पोत्यात भरून लोक लांब कुठेतरी टाकून येतात. त्यानंतर मी तुला काही विचारलं नाही, तू काही सांगितलं नाहीस, आणि मग तू पुण्याकडची बदली घेतलीस. विचारणार तरी काय होते? कुठे टाकलीस, असं?

आता विचारते आहे. सगळ्यांनी नाकारलेल्या त्या बाळाला कोणीतरी एवढ्या निगुतीने जागा करून दिली, हे रोज डोळ्यांसमोर असताना मला गप्प बसवत नाही. तुझ्याशी भांडायचं नाही, तू परत ये असंही म्हणत नाही. ती कुठे आहे एवढं सांग.

रुचिरा

•

२ फेब्रुवारी

सेतू,

तुझं उत्तर नाही. तू गप्प बसलास की मी दुप्पट बोलते, हा आपला जुना हिशेब आहे. तेव्हा वाच.

चर्चमध्ये वाद पेटलाय. सेक्रेटरींचं म्हणणं असं, की कप्तान आमचा, त्याला विधिपूर्वक परत ठेवू. बाळ आमचं नाही. त्याचा बाप्तिस्मा नाही, त्याची कुठे नोंद नाही, ते मुळात चोरून आत आलं. “म्युझियमला द्या मॅडम, तिथे नीट ठेवतील.” तसा वाईट माणूस नाही. रोज माझ्यासाठी आठवणीने टेंडर कोकनट आणवतो. पण नियमाचा माणूस. मला म्युझियमच्या कपाटातला पुठ्ठ्याचा खोका आणि त्यावर चिकटवलेला क्रमांक दिसायला लागला, आणि मी नको तेवढं बोलले. शेषाद्री सरांनी मला घरी पाठवून दिलं.

घरी आले तर अम्मा कॉफी गाळत होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी कॉफीचा डबरा-पेला पुढे सरकवला. मग मीच सगळं सांगितलं. कप्तान, बाळ, मनगटीचे मणी, चुन्यातली बोटं. त्या काळ्या चष्म्याआडून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “कोण टाकलें असेल गे त्याला तेथें? किती माया असेल त्याच्या जिवाला.”

मला तो शब्द सोसला नाही. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, “टाकलं नाही, अम्मा. ठेवलं.”

“तेंच कीं,” त्या म्हणाल्या. “टाकलें म्हणजे काय फेंकलें काय? कोलम टाकतों. कापी टाकतों. लेंकराला दूध देऊन तोट्टिलांत टाकतों. तुमच्या पुण्याकडे काय म्हणतात मग?”

पुण्याकडेही पाळण्यात टाकतात, सेतू. माझी आई आजही भाचीला सांगते, पोराला पाळण्यात टाक आणि दोन घास खाऊन घे. आम्हीही चहा टाकतो, अंथरूण टाकतो. शब्द माझ्या घरातलाच होता. तरी त्या संध्याकाळी मला त्यातला फक्त उकिरडा ऐकू आला.

मग मला कार्तिकाच्या लग्नाची गोष्ट आठवली. सत्यनारायणमामांच्या मुलीचं लग्न, आपल्या लग्नाला जेमतेम महिना झालेला. अम्मा मला म्हणाल्या, “दागिने टाकून ये गे, सगळे वाट पाहतात.” आणि मी आज्ञाधारक सून, अंगावर होते तेवढे सगळे दागिने काढून कपाटात टाकले आणि लंकेची पार्वती होऊन मांडवात गेले. तुझ्या झाडून साऱ्या मावश्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या. तुला हसता हसता ठसका लागला. तूच मग मला सांगितलंस, आमच्यात टाकणं म्हणजे घालणं, मांडणं, ठेवणं, करणं, सगळंच. तमिळमधलं ‘पोडु’ आमच्या पूर्वजांनी तंजावरला आल्यावर मराठीत आणून बसवलं, आणि आता आम्हाला ते पाहुणं वाटतच नाही.

तूच सांगितलं होतंस, आणि नेमकं ज्या दिवशी आठवायला हवं होतं त्या दिवशी मला आठवलं नाही.

तू माझ्याशी नेहमी जपून बोलायचास, माझ्यासारखी मराठी. तुझी स्वतःची फक्त आईशी. त्या संध्याकाळी तू इतका दमला होतास की जपायचं राहिलं असेल. तू तुझ्या आईच्या भाषेत बोललास आणि मी माझ्या आईच्या भाषेत ऐकलं.

असं मला आता वाटतंय. खात्री नाही. कदाचित मीच स्वतःची समजूत घालते आहे, दोन वर्षांनी का होईना. खात्री फक्त तूच देऊ शकतोस. म्हणून परत विचारते, आणि ह्या वेळी तुझ्या शब्दात. सेतू, तिला कुठे टाकलंस?

रुचिरा

•

११ फेब्रुवारी

प्रिय सेतू,

काल सकाळी तू फोन केलास आणि एकदाही ‘हं’ म्हणाला नाहीस. तू जे सांगितलंस ते मी इथे परत लिहून काढते आहे. आपल्या दोघांच्या कानांचा भरवसा नाही हे आता सिद्धच झालंय, तेव्हा जिथे चुकलं असेल तिथे दुरुस्त कर.

तुम्ही आधी शहरातल्या स्मशानभूमीत गेलात. तिथे लहान मुलांचा एक कोपरा होता. माणसाने खणायला घेतलं तर खालून आधीच कोणाचंतरी दुपटं निघालं. तू म्हणालास, इथे नाही. मामा म्हणाले, इथेच, सगळ्यांची इथेच असतात, वेळ घालवू नको. तू तिला उचललंस आणि गाडीत जाऊन बसलास. मामा चिडून ऑटोने घरी गेले. तू मागून येशील असं त्यांना वाटलं.

कुठे जायचं ते तुला माहीत नव्हतं. तू समुद्राच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघालास, एक हात चाकावर आणि एक तिच्यावर. ऊन खूप होतं. एसी लावला तर तिला गार लागेल म्हणून तू लावला नाहीस. मग आपण काय विचार करतोय ते तुझ्या लक्षात आलं आणि तुला पुढे गाडी चालवता येईना.

तू थांबलास ते कोवलम होतं. सुरूच्या झाडांत कोळी लोकांची दफनभूमी, तिथे एक माणूस आपल्या आईला माती देत होता. लोक पांगले तरी तू कडेला उभाच होतास. तो माणूस तुझ्याजवळ आला. एळुमलै त्याचं नाव, होडी आहे त्याची. हातात काय आहे ते त्याने विचारलं नाही. दुपट्याकडे पाहिलं, आणि परत फिरून आईच्या कुशीला लागून हाताने वाळू उकरायला लागला. तू काही बोलायच्या आत म्हणाला, “अम्मा पात्तुप्पांग.” आई बघेल तिला. गल्लीतली सगळी पोरं तिनेच सांभाळली, म्हणाला, ही काय तिला जड नाही.

तू तिला स्वतःच्या हातांनी ठेवलंस. उजव्या कुशीवर, कारण ती तशीच झोपायची. मग हॉस्पिटलमध्ये आलास आणि दारात उभा राहून म्हणालास, टाकून आलो.

तू म्हणालास की मी तोंड फिरवलं तेव्हा तुला वाटलं, कुठल्या परक्या बाईजवळ ठेवून आला म्हणून मी रागावले. मला ते ठिकाण ठाऊक नव्हतं हे तुझ्या डोक्यातच आलं नाही. वाटेतून तू मामांना मेसेज टाकला होतास, त्यांनी मला सांगितलं असेल असं तू धरून चाललास. आणि मामांनी तो कधी उघडलाच नाही, त्यांना वाटलं की तू शेवटी त्या स्मशानभूमीतच परत गेला असशील. मी विचारीन तेव्हा तू सांगणार होतास. तू सांगशील तेव्हा मी ऐकणार होते. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. आपल्याला तर दोघांत मिळून एकच पुरला.

मला फार रडू आलं, ते तू ऐकलंसच. तुझंही मी ऐकलं. पण सेतू, मला बरंसुद्धा वाटलं, इतकं की त्याची लाज वाटावी. ती एकटी नाही. दोन वर्षं मी झोपताना तिला उघड्यावर बघत होते, आणि ती एका आजीच्या कुशीत होती.

तू फोन ठेवल्यावर मी अम्मांना सगळं सांगितलं. त्यांना डोळ्यात पाणी आणायची बंदी आहे, डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून त्या तोंड वर करून, छताकडे बघत, कितीतरी वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या बाईला मीं एक साडी दिली पाहिजे.” मी म्हटलं, “अम्मा, ती गेली आहे.” त्या म्हणाल्या, “तिच्या सुनेला देतें मग.” साडी आणायला उद्या टी. नगरला जायचं आहे. त्या गर्दीत काळा चष्मा आणि तुझी आई, दोन्ही मलाच सांभाळायचं आहे.

तुझी,
रुचिरा

•

२ मार्च

प्रिय सेतू,

आधी चर्चचं सांगून टाकते, म्हणजे मग मोकळेपणाने लिहिता येईल.

कमिटीची बैठक झाली. सेक्रेटरींनी आपले मुद्दे पुन्हा मांडले. बाप्तिस्मा नाही, नोंद नाही, परवानगी नाही. फादर अरुळनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पण कप्तानाने काही तक्रार केलेली दिसत नाही.” दोघंतिघं हसले. मग ते म्हणाले, “ते लेकरू माझ्या आधीच्या सगळ्या पाद्र्यांच्या काळापासून ह्या वेदीच्या पायाशी आहे. माझ्यापेक्षा जास्त प्रार्थना त्याने ऐकल्या आहेत. त्याला बाहेर काढणारा मी कोण?” दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी घरून एक मऊ धुतलेलं सुती कापड घेऊन आले, नातवाचं असावं, आणि माझ्या हातात दिलं.

मी दोघांना परत ठेवलं. हात होता तसाच, मणी होते तिथेच. अहवालात ‘विस्कटलेली कबर’ खोडून मी ‘जागा करून दिलेली कबर’ असं लिहिलं. शेषाद्री सर म्हणाले, हा काही शास्त्रातला शब्द नाही. मग चष्मा काढून पुसत बसले, आणि शेवटी म्हणाले, राहू दे.

आता कोवलम.

अम्मा आणि मी तिरुवान्मियूरहून बसने गेलो. तू सांगितलं होतंस, जाळी वाळत घालतात तिथे कोणालाही विचार. मी एका माणसाला एळुमलै कुठे भेटतील म्हणून विचारलं, तर तोच निघाला. माझं मोडकंतोडकं तमिळ ऐकून तो जरा माझ्याकडे बघत राहिला, मग अम्मांकडे बघितलं, आणि परत माझ्याकडे वळून म्हणाला, “पाप्पावोड अम्मावा?”

पापाची आई का, म्हणून विचारत होता. त्यांच्यात बाळाला पापा म्हणतात. सेतू, मला आजवर कोणीही तिची आई म्हणून ओळखलं नव्हतं. हॉस्पिटलात मी पेशंट होते, घरी सगळे तो विषय टाळायचे, माझ्या माहेरी तर ते सगळं झालंच नाही असं ठरलंय. आणि हा माणूस मला पहिल्यांदा बघत होता. मी मान हलवली.

तो आम्हाला सुरूच्या झाडांत घेऊन गेला. त्याच्या आईच्या कबरीला बुटका सिमेंटचा कट्टा केलाय, निळा रंगवलेला. त्याला लागून तसाच एक लहान कट्टा, आणि त्याच्या कडेने शिंपले रोवलेत. त्याच्या मुलींनी लावले, म्हणाला, आणि लाट वर आली की काही जातात म्हणून नवे आणून लावत असतात. दोन्हींवर कनकांबराचे, आपल्या अबोलीचे, गजरे होते. एक मोठा, एक छोटा. त्याची बायको अमावास्येला सासूसाठी फुलं आणते तेव्हा दोन आणते. तू त्यांना कधी काही कळवलं नव्हतंस, आम्ही येणार हेही त्यांना ठाऊक नव्हतं. कोणी बघायला नसतानाही ती दोन आणत होती.

मी वाळूत बसले. त्या लहान कट्ट्यावर हात ठेवला. उन्हाने कोमट झाला होता. किती वेळ बसले ते माहीत नाही. मागे अम्मा आणि एळुमलै बोलत होते. त्याची आई फार तोंडाळ होती म्हणे, सकाळी मासे विकायला बसली की अर्ध्या गावाला तिचा आवाज जायचा. “पापाचे कान किटले असतील,” तो म्हणाला, आणि अम्मा हसल्या. मी पण हसले. तिच्याजवळ बसून आपल्याला हसू येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

अम्मांनी साडी दिली. त्याच्या बायकोने नको नको म्हणत घेतली आणि आम्हाला जेवूनच पाठवलं. अम्मांना मासे चालत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी वेगळा ताकभात केला. अम्मा परक्या हातचं कधी खात नाहीत, तुला माहीत आहे. त्या दिवशी पोटभर जेवल्या आणि परत ताक मागून घेतलं.

निघताना एळुमलैने विचारलं. पंगुनी महिन्यात, म्हणजे मार्च-एप्रिलात, त्याच्या आईचं वर्षाचं करायचं असतं, तेव्हा तो कट्टे नव्याने रंगवतो. मोठ्यावर तिचं नाव आहे, वळ्ळियम्मै. लहानावर काहीच नाही. पोरीचा बाप त्या दिवशी बोलण्याच्या स्थितीत नव्हता म्हणून तेव्हा विचारलं नाही, म्हणाला. “पेर एन्ना?”

नाव काय, एवढा साधा प्रश्न. मी म्हटलं, नाव नाही. बारसं व्हायचं राहिलं. त्याला ते समजेना, तेव्हा अम्मांनी त्याला तमिळमध्ये समजावलं. तो म्हणाला, राहिलं असेल तर आता करा, त्यात काय एवढं. मी रंग आणून ठेवलाय.

अम्मा माझ्याकडे बघत होत्या. माझ्या ओठांवर एक नाव आलंसुद्धा होतं. आपण दोघांनी मिळून तेव्हा ठरवत आणलेलं, आणि मग तुला दुसरं आवडलं म्हणून भांडण झालं होतं. मी ते बोलले नाही. एळुमलैला सांगितलं, थोडं थांबा.

मराठीत नावं ठेवणं आणि नाव ठेवणं ह्यात एका अनुस्वाराचा फरक आहे. दोन वर्षं मी मनातल्या मनात तुला नावं ठेवली. आता तिचं नाव ठेवायचं आहे, आणि ते आईने एकटीने ठेवायचं नसतं.

पंगुनीच्या आत रजा काढ. ये.

तुझी,
रुचिरा